नवरदेवाकडची काकू

ताई, उद्या सकाळी मी गिरडकडे चाललोय. गाडीत पेट्रोल भरून ठेवलं आहे, बायकोला सांगून ठेवलं आहे, देवरावला मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने आपल्या कापडाच्या दुकानात मला गादीवर बसवून तासभर समजावलं असतं, आणि मी समजलोही असतो. सहा महिने मी असाच समजत आलोय. म्हणून हे आत्ताच लिहून काढतो, म्हणजे सकाळी माघार घ्यायला तोंड उरणार नाही.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. मी म्हणालो, ताई मनमिळाऊ होती, हाडाची कलाकार होती, अंगणवाडीच्या लेकरांना तिने आईची माया दिली. लोकांनी माना हलवल्या. तू असतीस तर मागच्या रांगेतून म्हणाली असतीस, "गजू, हे भाषण तं कोणाच्याही मयतीत चालन." ते खरंच आहे. जे बोलायचं होतं ते तिथे बोलता येण्यासारखं नव्हतं. मांडवात उभं राहून कसं सांगू, की ही बाई शेवटचे सहा महिने एका वचनापायी बेचैन होती आणि तिची वाट मी अडवून बसलो होतो?

आपला सिनेमा कसा सुरू झाला, ते मला परवा पुन्हा आठवलं. माझा स्टुडिओ म्हणजे तुझ्या भिंतीला भिंत लागून असलेली दहा बाय बाराची खोली. बावीस वर्षं लग्नाचं शूटिंग काढून काढून मला लग्नाचा वीट आला होता, आणि तू मात्र रिटायर झाल्यावर रोज दुपारी येऊन माझ्या मागे स्टुलावर बसायचीस. बाकीच्या बाया सिरियल पाहतात, तू दुसऱ्यांची लग्नं पाहायचीस. एकदा जेवणाच्या पंगतीचा तुकडा कापत होतो तर तू म्हणालीस, "थांब. हा जिलबी घेऊन राह्यला तो माणूस कोणाकडचा?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

"कोणालेच माहीत नसते," तू म्हणालीस. "नवरीकडच्यायले वाटते नवरदेवाकडचा, नवरदेवाकडच्यायले वाटते नवरीकडचा. आयुष्यभर जेवला तरी पकडल्या जाणार नाई."

एवढंच. त्यावर आपण चार दुपारी बसलो आणि गोष्ट उभी राहिली. एक विधवा बाई आणि एक बिनलग्नाचा गडी, दोघंही पन्नाशीचे, दोघंही न बोलावता लग्नं जेवणारे, जाताना एखादी चांगली वस्तू पिशवीत घालणारे. एका लग्नात ती नवरदेवाची काकू बनते, तो नवरदेवाचा काका बनतो. एकमेकांची खबर नाही. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, हे तं काका-काकू," आणि दोघांना शेजारी शेजारी खुर्च्या मिळतात. नाही म्हणावं तर दोघंही उघडे पडतात. मग काय, नवरा-बायको होऊन जेवतात, आणि पुढच्या लग्नाला तो तिची फाटकापाशी वाट पाहत उभा राहतो. हे तुझं होतं, ताई. मी बावीस वर्षांत एवढी लग्नं काढली, पण प्रेमाची गोष्ट एकाही कॅसेटीत मला दिसली नव्हती.

मांडव, बँड, पाचशे माणसं आणायला आपल्याजवळ काहीच नव्हतं. ते सगळं माझ्या ऑर्डरच्या लग्नांत आयतं उभं होतं. ही अक्कल माझी. आपण जिथे कोणी ओळखत नाही अशा गावची ऑर्डर धरायची, तू आणि देवराव काकू-काका बनून पाहुणे म्हणून आत शिरणार, मी लग्न काढता काढता तुम्हाला काढणार. परवानगी कोणाची घेतली नाही. लग्नघरचे म्हणाले असते, आधी आमच्या पोरीचं शूटिंग नीट काढा. तर फसव्यांवरचा सिनेमा काढता काढता आपणच अर्ध्या जिल्ह्यात फुकट जेवलो, आणि तुला ते इतकं जमलं की मला भीती वाटायला लागली.

तुझी युक्ती साधी होती. अनोळखी बाईच्या समोर जाऊन तू हात धरायचीस. "ओळखलं नाई नं? म्या ओळखलं." ओळखलं नाही असं कबूल करणारी बाई आपल्याला एकही भेटली नाही. मग तू विचारायचीस, "गुडघे कसे आहेत आता?" ज्या घरात गुडघे दुखणारं कोणीच नाही असं घर वर्धा जिल्ह्यात नाही. पाच मिनिटांत ती बाई तुला सुनेच्या तक्रारी सांगायची. देवराव बिचारा चष्मा पुसत उभा. त्याला संवाद दिले की तो कापडाचा भाव सांगितल्यासारखा बोलायचा, म्हणून तू त्याचे सगळे संवाद काढून टाकलेस आणि त्याला फक्त तुझ्याकडे पाहायला लावलंस. त्याचं तेच काम सगळ्यात चांगलं झालं. मला आता वाटतं, ते काम नव्हतंच. त्याला विचारायची माझी हिंमत नाही, आणि तू गेलीस तेव्हा त्याने दुकान तीन दिवस बंद ठेवलं होतं, हे तुला सांगायचं राहिलं होतं, ते सांगून टाकतो.

आता गिरडकडच्या त्या लग्नाचं.

मे महिना, लग्न आटोपून ऊन उतरत होतं, वरात हिंगणघाटला परत जायची घाई. नवरदेवाच्या आईला उन्हाने चक्कर आली म्हणून तिच्या दोन्ही जावांनी तिला गाडीत नेऊन बसवलं होतं. इकडे झालीची वेळ झाली. झाल म्हणजे बांबूची टोपली, तिच्यात कणकेचे दिवे. पोरीची आई ती टोपली नवरदेवाकडच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवते आणि म्हणते, आमची पोर आता तुमची, सांभाळा. हे मी शेकडो वेळा काढलं आहे. तू एकदाही पाहिलं नव्हतंस. तुमच्या बौद्ध लग्नात वंदना होते, हार होतात, हे नसतं. आणि माझ्या मागे स्टुलावर बसायचीस तेव्हा पाठवणीच्या रडारडीआधी तू नेहमी चहा टाकायला उठून जायचीस. नवरीच्या मामाने तुझा दंड धरला. "काकू, तुमी नवरदेवाकडच्या नं? या, या, बाया कमी पडून राह्यल्या." तू माझ्याकडे पाहिलंस. विचारत होतीस, हे काय आहे, जाऊ का?

मला माहीत होतं ताई. तुला नव्हतं. मी एक हात वर केला असता तरी तू मागे सरली असतीस. मी फोकस नीट केला.

दिव्यांची टोपली तुझ्या डोक्यावर आली आणि नवरीची, म्हणजे वैशालीची आई, जी तोवर कोणासमोर रडली नव्हती, ती तुझ्यासमोर फुटली. "काकू, मायी एकच पोरगी आहे. स्वभावानं गरीब आहे. बोलणार नाई, आतल्या आत राहीन. तुमी पाहजा." आणि तू, जी कुठल्याही मांडवात कधी अडखळली नाहीस, ती अडखळलीस. मग म्हणालीस, "सांभाळीन. मी आहो न."

त्या बाईचा चेहरा कसा सैल झाला, ते कॅमेऱ्यात आलं आहे. तसं काम बावीस वर्षांत माझ्या हातून झालं नाही. कारण ते काम नव्हतं.

परत येताना समुद्रपूरच्या चौकात चहाला थांबलो तेव्हा विचारलंस, "ते टोपलं काय होतं?" मी सांगितलं. तू कप तसाच ठेवलास. म्हणालीस, "गजू, वापस घे गाडी."

मी हसलो. हे मला आता माझंच ऐकवत नाही. मी म्हणालो, ताई, सिनेमा आहे.

"सिनेमा तुयासाठी. त्या बाईनं पोरगी कोणाच्या भरोशावर धाडली?"

तिथून सुरू झालेलं भांडण आपलं मिटलंच नाही. तुझं म्हणणं, त्या घरी जायचं, खरं सांगायचं, मग ती म्हणेल तसं. माझं म्हणणं, ती म्हणेल सीन काढून टाका, आणि मग उरलं काय? नागपूरच्या महोत्सवाला पाठवायचं ठरलं होतं. ज्या चौघांना मी कच्चा सिनेमा दाखवला ते पाऊण तास हसले आणि त्या सीनला चूप झाले. मी तुला तेच सांगत राहिलो, ते चूप झाले. तू म्हणायचीस, "ते चूप झाले तं तिचं रडणं पाहून झाले. ते आपण आणलं तिच्या घरून, न विचारता."

शेवटही त्यातच अडकला. मला हवं होतं की दोघं मोटारसायकलवर पळून जावेत, मागे बँड वाजतोय, लोक हसत बाहेर पडावेत. तू म्हणालीस, त्यांनी एका तरी घरी जाऊन कबूल करावं, नाहीतर त्यांचं एकमेकांवरचं प्रेमही खोटंच राहील. मी म्हणालो, अंगणवाडीतली तात्पर्याची गोष्ट नको करू. तू दोन दिवस स्टुडिओत आली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस, स्टुलावर बसलीस आणि जणू काही झालंच नाही असं म्हणालीस, "हे नवरी जाडी दिसून राह्यली, अँगल बदल."

मी तुला आणखी एक कारण सांगायचो, आणि ते सगळ्यात वाईट. म्हणायचो, ताई, तू कोण, कुठली, हे सगळं सांगावं लागेल. जुन्या वळणाचं घर आहे, त्यांनी झाल तुझ्या डोक्यावर ठेवली हे कळल्यावर ते काय बोलतील, मला तुझा अपमान नको. माझ्या तोंडी काळजी होती आणि पोटात सीन होता. तुला ते कळलंच. "तोंड फिरवलं तं फिरवू दे," तू म्हणालीस. "म्या जबान देल्ली आहे तिथं. मायं तोंड मले आरशात पाहा लागते."

मग मी पावसावर ढकललं, पावसानंतर सणांवर, दिवाळीनंतर लगनसराईच्या तयारीवर. तू एकटी जाऊ शकली असतीस. बस जाते. पण तू म्हणायचीस, दोघांनी केलं तर दोघांनी जायचं. मंगळवारी तुझा फोन आला. "गुरुवारी चालतं का?" मी म्हणालो, गुरुवारी साक्षगंध आहे, साखरपुड्याची ऑर्डर धरली आहे. कुठलंच साक्षगंध नव्हतं. तू म्हणालीस, "बरं." भिंतीपलीकडून बोलत होतीस; मी गुरुवारी दिवसभर घरीच आहे हे तुला दिसलंच असेल. शुक्रवारी सकाळी तू गेलीस.

बस. हे सांगायचं होतं. उद्या जातो.

*

जाऊन आलो, ताई.

वैशालीची आई कापूस वेचून नुकतीच घरी आली होती. मला ओळखलं तिने. "शूटिंगवाले नं? कॅसेट तं भेटली आमाले." पाणी दिलं, चहा ठेवला. मी म्हणालो, चहा मागून, आधी ऐका. वाटेने पाठ केलेलं सगळं विसरलो आणि जसं आलं तसं सांगितलं. सिनेमा, खोटे पाहुणे, तू, ती टोपली. तुझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, बौद्ध आहे हे सांगितलं, अंगणवाडी सांगितली. तिच्या कपाळाला आठी पडली. ती कशापायी पडली मला कळलं नाही, तिने काही विचारलं नाही, आणि मी पण अंदाज करणार नाही.

बराच वेळ ती वाटीतल्या सरक्या बोटाने इकडेतिकडे करत राहिली. मग म्हणाली, "म्या पोरीले फोनवर चार खेप विचारलं, त्या काकू कशा आहेत. ते म्हणे, अशी काकूच नाई आपल्यात. म्या समजलो, त्यायचं आपसात पटत नसन, पोरगी सासरचं झाकून राह्यली. मंग विचारणंच सोडलं." आणि मग आवाज चढला तिचा. "तुमी लोकं आमच्या पोरीच्या लग्नात तमाशा कराले आलते का? म्या झाल कोणाच्या डोक्यावर ठेवली मंग?"

"माझ्या ताईच्या."

"ते आली नाई काऊन आज?"

"यायचं म्हणत होती. सहा महिन्यांपासून म्हणत होती. म्याच आणलं नाई."

"मंग आता घेऊन या तिले. मले तिच्याशीच बोला लागते."

"गेली ते, मावशी. पंधरा दिवस झाले."

ताई, इतक्या दिवसांत मी रडलो नव्हतो. कार्यक्रमात नाही, तुझं स्टूल भिंतीला लावून ठेवताना नाही. त्या परक्या घरात, जिथे मला बाहेर काढायला हवं होतं, तिथे रडलो. तिने थांबवलं नाही. चूल विझू दिली नाही, चहा ओतला, समोर ठेवला.

मग म्हणाली, दाखवा. मी मोबाइलवर दाखवलं. तिने स्वतःला पाहिलं. "मी अशी रडलो होतो," म्हणाली. तू "सांभाळीन" म्हणतेस तिथे तिने मला थांबवायला लावलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी म्हणाली, "हे लोकायले दाखवू नका."

मी सीनसाठी एक बाजू तयार करून नेली होती. तुमचा चेहरा धूसर करतो, नाव येणार नाही, वगैरे. ती तोंडावर आली होती. मी म्हणालो, नाही दाखवत. तिच्या मोबाइलमध्ये तेवढा तुकडा टाकून दिला आणि तिच्यासमोर माझ्याकडचा पुसून टाकला. घरच्या मशीनवरचाही आज आल्या आल्या पुसला. म्हणजे तुझं सगळ्यात चांगलं काम आता सिनेमात नाही. देवरावला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "ते असती तर खुश झाली असती." आणि फोन ठेवला.

निघताना मी पायात चप्पल घालत होतो तर ती मागून म्हणाली, "थांबा. तिनं सांभाळीन म्हणलं होतं."

मी म्हणालो, हो.

"आता ते नाई. मंग पोरीले कोण पाहीन?"

मी काहीतरी म्हणालो, की तिचा नवरा आहे, सासू आहे.

"ते तं त्यायचे आहेत. म्या जिच्यावर टाकली होती ते गेली. शूटिंग कोणं काढली? तुमी काढली नं? मंग तुमी जात जा. महिन्यातून एक खेप हिंगणघाटले जायचं. चहा प्यायचा, पोरीचं तोंड पाहायचं, मले फोन करायचा. दिसते तं कशी दिसते तेवढं सांगायचं. मले वेचणी सोडून जाणं होत नाई."

मी विचारलं, "अन् तिथं कोण म्हणून जाऊ?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू अंगणवाडीतल्या मठ्ठ पोराकडे पाहत असशील. "इथं सांगतलं नं आत्ता? तसंच तिथं सांगा. पुरं. मंग पाहू ते घरात घेतात का नाई."

तर असं आहे. सिनेमा पूर्ण करतोय. शेवट तुझाच घेतोय, देवराव एकटा एका घरी जातो आणि सांगतो; त्याला संवाद द्यायचा की नाही हे अजून ठरत नाहीये. महोत्सवाची तारीख गेली तर जाऊ दे. सिनेमा आधी आपल्या सेलूतल्या सभागृहात लावीन. तू पळून जाणाऱ्या मोटारसायकलीला नाही म्हणालीस, ती काढून टाकली. तुझं बरोबर होतं, आणि हे तुला ऐकवायला मी सहा महिने उशीर केला, याची मला लाज वाटते. लाज वाटते म्हणून घरात बसणार नाही.

वैशालीला मी अजून फोन केलेला नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही ते. तिची सासू दार उघडेल, आत नवरा असेल, शेजारपाजारचे वाकून पाहतील. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, टोपलीसकट, आणि ते मला हाकलूनही देतील. मग पुढच्या महिन्यात परत जावं लागेल. येत्या रविवारी पहिली खेप आहे.